उघड्या माईकचा डोस

माझं काम लोकांच्या गळ्याशी. घाबरू नका, माईक लावते. टीव्हीवर तो जोड्यांचा प्रश्नांचा खेळ बघता ना, नवरा-बायको, बहीण-भाऊ, बाप-लेक असे दोघं दोघं येतात आणि दोघांत मिळून एकच बटण असतं, त्यातल्या प्रत्येकाच्या कॉलरवर शेंगदाण्याएवढा काळा ठिपका दिसतो, तो मी लावलेला. त्याची वायर कपड्यांच्या आतून कमरेपर्यंत, कमरेला डबी, डबीवर हिरवा दिवा. हे सगळं करताना माणूस माझ्यापासून वीतभर लांब असतो. कोणाच्या छातीत धडधडतंय, कोण पोट आत ओढून उभं आहे, सगळं कळतं. आणि कोण किती आगाऊ आहे, ते तर त्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं.

आगाऊ माणसं येतातच. टीव्हीवर येण्यासाठी जो माणूस चार वेळा निवडचाचणी देतो, तो काय गोगलगाय असणार? कोणी आल्या आल्या सूत्रसंचालकाला बोलायचं कसं ते शिकवतो, कोणी आपल्याच बायकोला सगळ्यांसमोर ‘मंद’ म्हणतो, कोणी प्रश्न काढणाऱ्यांची अक्कल काढतो. अशांसाठी आमच्याकडे ठरलेली औषधं आहेत. मेकअपवाले काका त्याच्या तोंडाला एक थर जास्तीचा थापतात. खुर्च्या लावणारा त्याला डुगडुगणारी खुर्ची देतो. आणि सगळ्यात जालीम औषध माझ्या हातात. आम्ही त्याला ‘डोस’ म्हणतो.

त्याचं असं आहे. रेकॉर्डिंगचा आवाज वरच्या खोलीत जातो, तिथे दिग्दर्शक आणि मोठे लोक बसतात. पण हॉलमधल्या प्रेक्षकांना स्पीकरमधून काय ऐकू जाईल, ते मी ठरवते. स्टेजच्या बाजूला पडद्याआड माझं बटणांचं छोटंसं बोर्ड आहे. मधली सुट्टी झाली की सगळे माईक बंद करायचे, हा नियम. आगाऊ माणसाचा तेवढा चुकून उघडा ठेवायचा, हा डोस. सुट्टीत त्याला वाटतं आपल्याला कोण ऐकतंय, आणि तो सुटतो. एकाने आमच्या सूत्रसंचालकाचा टोप घसरलाय असं मेव्हण्याच्या कानात सांगितलं, ते अख्ख्या हॉलने ऐकलं. लोक खो खो हसले. तो माणूस पुढचा सगळा खेळ हाताची घडी घालून शाळेतल्या पोरासारखा बसला होता. कोणाचं काही बिघडलं नाही, आणि तोंड तेवढं बंद झालं. निदान आम्ही तसंच समजत होतो.

आता जे सांगते ते गेल्या आठवड्यातलं आहे. तो भाग अजून टीव्हीवर लागलेला नाही.

बाप-लेकीची जोडी होती. बाप म्हणजे तोफ. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घ्यायचा, आता निवृत्त. आत आला तोच, ‘‘अर्ध्या शहराला नापास केलंय मी,’’ असं सांगत. जसं काही ते बक्षीसच. आमच्या वाहनतळावर गाड्या चुकीच्या लावल्यात, दाराचा कोन चुकीचा, चहा पाण्यासारखा. फ्लोअरवर सगळ्यांना हाकणारा आमचा एक उंच किडकिडीत पोरगा आहे, त्याला आम्ही काठी म्हणतो. काठीने नुसतं ‘‘काका, इकडून या,’’ म्हटलं, तर ‘‘मी तुझा काका नाही,’’ म्हणून त्याच्यावर खेकसला. काठीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी म्हटलं, असू दे, बघू.

लेक अगदी उलट. तिशीतली, केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली. तिला माईक लावायला मी मेकअपच्या खोलीत नेलं, दार लोटलं. वायर आतून घेताना तिच्या अंगाला कंप सुटला होता.

‘‘घाबरू नका हो,’’ मी म्हटलं. ‘‘कॅमेरा काही चावत नाही.’’

‘‘ताई, कॅमेऱ्याचं नाही,’’ ती म्हणाली, आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. ‘‘माझी आई बाहेर बसलीय, दुसऱ्या रांगेत, निळी शाल. ती तुमचा खेळ रोज बघते. शिवणाचं मशीन थांबवून बघते. तिला एकदा इथे यायचं होतं.’’

‘‘मग आलीच की.’’

‘‘मी लॅबमध्ये काम करते. तिचे रिपोर्ट आमच्याच लॅबमधून गेले. मी डॉक्टरांशी बोलले.’’ ती थांबली. ‘‘आता काही करण्यासारखं नाही म्हणाले. आईला माहीत नाही. बाबांनाही नाही. बाबांच्या पोटात काही राहत नाही, ते लगेच बोलून टाकतील. आजचा दिवस तिचा चांगला गेला की मग मी सांगणार आहे, दोघांना, घरी, नीट. ताई, बाबा कसेही वागले तरी तुम्ही लोकांनी जरा सांभाळून घ्या. तिच्यासमोर तमाशा नको.’’

तिने हे मलाच का सांगावं? माईक लावणारीला लोक सांगतात. हात गळ्याशी असतात, डोळे खाली असतात, न्हाव्याला नाही का सगळे सांगत? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘‘काळजी करू नका. मी आहे ना.’’

मी आहे ना. कोणी सांगितलं होतं बोलायला? उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाहेर आले तर ती निळ्या शालीतली आई दिसली. बारीक चणीची, मांडीवर पर्स, हातात पाण्याची बाटली. मी जवळून जाताना तिने मला थांबवलं. ‘‘अहो बाई, तो स्टेजचा पडदा कोणी शिवला? खालची पट्टी उलटी बसवलीय. टीव्हीवर कधी दिसलं नाही.’’ मी वाकून बघितलं तर खरंच उलटी. आम्ही दोघी हसलो. ‘‘मी पडदे शिवते,’’ ती म्हणाली. ‘‘पण सांगू नका कोणाला, आमचे हे ऐकलं तर आत्ता जाऊन भांडतील.’’ आणि परत हसली. इतकी खूश होती ती! पहिल्यांदा जत्रेला आलेल्या पोरीसारखी मान वळवून वळवून दिवे बघत होती.

खेळ सुरू व्हायला थोडा वेळ असताना तोफेने मला बोलावलं. बोलावलं म्हणजे चुटकी वाजवली.

‘‘ओ बाई, हा माईक जुना आहे.’’

‘‘सगळे एकाच वेळी घेतलेत.’’

‘‘मला शिकवू नका. तिच्या डबीचा दिवा बघा, किती लख्ख आहे. माझा मिणमिणता. तिचा मला द्या, माझा तिला द्या.’’

लेक कसनुशी हसली. म्हणाली, ‘‘द्या हो ताई, मला काही फरक पडत नाही.’’ काठी घड्याळ दाखवत होता. मी दात ओठ खात दोघांचे माईक उतरवले, अदलाबदल करून लावले. याला काय लागतं, दोन मिनिटं. पण बोर्डावर माझ्या चिकटपट्ट्या असतात. पहिल्या बटणावर ‘बाप’, दुसऱ्यावर ‘लेक’ असं मी सकाळीच लिहिलं होतं. माईक बदलले की पट्ट्या बदलायच्या. इतक्या वर्षांत हे मी कधी विसरले नाही. त्या दिवशी बोर्डाशी आले ती मनातल्या मनात त्याला शिव्या हासडत आले, आणि पट्ट्या तशाच राहिल्या. खेळात दोन्ही माईक उघडेच असतात, त्यामुळे कोणतं बटण कोणाचं हे बघायची वेळही आली नाही.

सूत्रसंचालक आला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. त्याला आम्ही हिरो म्हणतो, आणि तो ते खरं मानतो. समोरच्या जोडीत दोघी बहिणी होत्या, हसऱ्या, एकमेकींना विचारून उत्तर देणाऱ्या. इकडे तोफेने बटणावर पंजा ठेवला तो उचललाच नाही. लेकीचं बोट जवळ आलं की हात झटकायचा. पहिली काही उत्तरं बरोबर आली, खोटं कशाला बोलू, माणसाला येत होतं बरंच. पण प्रत्येक उत्तरानंतर हिरोला एक टोमणा, बहिणींना एक टोमणा. ‘‘घरी जा, स्वयंपाक खोळंबला असेल,’’ असंही म्हणाला. प्रेक्षकांत कुजबुज झाली. आई मात्र प्रत्येक उत्तराला टाळ्या वाजवत होती, बाटली काखेत धरून.

मग तो उंट आला.

‘‘उंटाच्या कुबडात काय साठवलेलं असतं?’’ हिरोने विचारलं.

लेक बापाच्या कानाशी वाकली. ‘‘बाबा, चरबी.’’ मी हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकलं. त्याने तिला कोपराने बाजूला सारलं, बटण दाबलं आणि गरजला, ‘‘पाणी!’’

‘‘अरेरे, चूक,’’ हिरो म्हणाला. ‘‘चरबी.’’

‘‘मी चरबीच म्हणालो.’’

हॉलमध्ये हशा पिकला. त्याला वाटलं आपल्याला हसतायत, आणि खरंच त्यालाच हसत होते.

‘‘मी चरबी म्हणालो! तुमच्या त्या बाईने माईक धड लावलेला नाही. काहीतरी भलतंच ऐकू येतंय त्यातून.’’ आणि त्याने पडद्याआड माझ्याकडे बोट दाखवलं. नाचता येईना अंगण वाकडं! वरच्या साहेबांनी रेकॉर्डिंग परत वाजवलं. ‘पाणी’, भिंती हादरतील इतकं स्पष्ट. त्यावर म्हणतो, ‘‘रेकॉर्डिंगच बिघडलंय. आधी त्या बाईला कामावरून काढा. सकाळपासून बघतोय, तिला काडीचं काही येत नाही. तोंडावरूनच कळतं.’’

झाडून सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पडद्याची फट तेवढीच मोठी असते, नेमकं माझं तोंड दिसेल एवढी. आयुष्य गेलं माझं या वायरींत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘सुट्टी घ्या, सुट्टी घ्या,’’ कानात वरचे साहेब म्हणाले. हिरो टोप सावरत मेकअपला गेला. बहिणी पाणी प्यायला गेल्या. तोफ जागचा उठला आणि हातवारे करत लेकीला म्हणू लागला, चल, निघायचं, असल्या ठिकाणी एक मिनिट थांबायचं नाही. ते मला बंद माईकनेही दिसत होतं. काठीने माझ्याकडे बघून कानाला बोट लावलं. त्याचा अर्थ, डोस?

एरवी वरून होकार येईपर्यंत थांबायचं असतं. मी थांबले नाही.

लेकीचं बोलणं आठवलं का? आठवलं. आठवलं नाही म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं. पण त्या क्षणी मी स्वतःला म्हटलं, बाप बरळेल, लोक बापाला हसतील, त्यात आईचं काय जातंय? उलट तिच्याही कानांना जरा बरं वाटेल. बघा, राग आला की माणूस किती हुशार होतो! मी ‘बाप’ लिहिलेलं बटण वर केलं.

हॉलच्या स्पीकरमधून आवाज आला तो बाईचा.

‘‘... बाबा, बसा. तुमच्या पाया पडते, बसा.’’

लोक हसायच्या तयारीत होते, दोघं-चौघं हसलेही. मी चमकले. अगं बाई, हा लेकीचा माईक कसा उघडा राहिला? बोटाला लागलेली सवय, मी झटकन ‘लेक’ लिहिलेलं बटण खाली केलं. ते तर आधीच खाली होतं. मी परत दाबलं. परत दाबलं. आणि वर आवाज चालूच.

‘‘आईचा रिपोर्ट आमच्या लॅबमधून गेलाय. मी स्वतः बघितलाय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, हिवाळ्यापर्यंत काढलं तरी नशीब म्हणायचं. मी तुम्हाला घरी सांगणार होते, पण तुम्ही उठून चाललात. बाबा, तिला इथे यायचं होतं. तिला हा एक दिवस द्या.’’

स्टेजवरच्या माणसाला हॉलचे स्पीकर नीट ऐकू येत नाहीत, स्पीकरची तोंडं प्रेक्षकांकडे असतात. त्या दोघांना काहीच कळलं नाही. बाप तिच्याकडे बघत होता, उठतानाचा एक हात तसाच हवेत. हॉलमध्ये मात्र एकही खुर्ची कुरकुरत नव्हती. दुसऱ्या रांगेतली ती आई बाटलीचं झाकण उघडत होती. तिने ते परत घट्ट लावलं. बाटली पर्सशेजारी ठेवली. मग उभी राहिली आणि रोज घरात हाक मारत असेल तशा आवाजात लेकीला म्हणाली,

‘‘अगं, तुझा माईक चालू आहे.’’

मी बोर्डाची वायरच भिंतीतून उपटली.

पुढचं तुकड्या-तुकड्याने आठवतं. लेकीने दोन्ही हातांनी कॉलरवरचा ठिपका झाकला होता, आता झाकून काय होणार होतं? काठी पांढराफटक पडला होता. तो धावत आईकडे गेला, वाकून काहीतरी विचारलं. ती मान हलवत होती. नंतर त्याने सांगितलं, रेकॉर्डिंग थांबवू का म्हणून विचारलं होतं, तर म्हणाली, ‘‘नको नको, एवढे लोक खोळंबलेत. खेळू द्या त्यांना.’’

आणि माझ्या कानात वरचे साहेब. वर तेव्हा उंटाचा तुकडा कापायचा की ठेवायचा यावर चर्चा चालली होती, हॉलचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. काचेतून त्यांना फक्त मान खाली घालून बसलेला बाप दिसला. ‘‘गप्प झाला की नाही?’’ ते हसत म्हणाले. ‘‘लागू पडलं! शाब्बास. चला, सुरू करा.’’

मी वायर परत जोडली. काय करणार, खेळ सुरू झाला होता.

तोफ खरंच गप्प झाला. त्याने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला, तो शेवटपर्यंत तिथेच. लेक उत्तरं देत गेली, एकामागून एक, प्रश्न संपायच्या आत. मला वाटतं तिला नुसतं थांबायची भीती वाटत होती. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, इतक्या की काठीला खुणा कराव्याच लागल्या नाहीत. आणि जोडी जिंकली. हिरोला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याने हात पसरून जाहीर केलं, ‘‘तुम्हाला मिळतेय समुद्राची सफर! पुढच्या वर्षी अख्ख्या कुटुंबाने जायचं, काकूंना घेऊन जायचं, मज्जा करायची!’’ कॅमेरा आईवर गेला. ती टाळ्या वाजवत होती. हसतसुद्धा होती. मी पडद्याची उलटी पट्टी बघत बसले.

सगळं आवरल्यावर काठी माझ्यापाशी आला. ‘‘तांत्रिक बिघाड म्हणू,’’ तो पुटपुटला. ‘‘कोणाला कळणार आहे?’’ त्याचं बरोबर होतं. खरोखर कोणालाच कळलं नसतं.

माईक उतरवायला मी मागच्या बोळात गेले. तिघं तिथेच होती. आईला कोणीतरी खुर्ची दिली होती. लेकीचा माईक काढताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिनेच माझा हात धरला.

‘‘ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यंत्र आहे शेवटी. तुमचा काय दोष?’’

मी वायर गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी गुंडाळत होते.

बाप खुर्चीपाशी उभा होता. एकदम तो बायकोसमोर वाकला. गुडघे दुखत असणार, खुर्चीचा हात धरून वाकला. ‘‘माझ्यामुळे झालं,’’ म्हणाला. ‘‘मीच माईक बदलायला लावले. ती बाई नको म्हणत होती. त्यात काहीतरी गोंधळ झाला. नाहीतर तुला असं, लोकांत...’’ त्याने तिच्या शालीचं टोक सरळ केलं. ‘‘माझी चूक.’’

लेकीने वळून बापाकडे असं बघितलं, जसा हा कोणी दुसराच माणूस आहे. तिने हे शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकलेच नसावेत. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने चूक कबूल केली, तर नेमकी ती त्याची नव्हती.

गप्प राहिले असते तर? घरी जाऊन जेवले असते, झोपले असते, दुसऱ्या दिवशी नव्या जोडीला माईक लावला असता. आणि तो माणूस बायकोच्या उरलेल्या दिवसांत माझं पाप डोक्यावर घेऊन घरात फिरला असता. मला तो आवडला नव्हता, आताही आवडत नव्हता. पण एवढं ओझं काही मी कोणाला देऊ शकत नाही.

‘‘तुमची चूक नाही,’’ मी म्हटलं. ‘‘गोंधळ झाला तो माईकचा झाला. पण सुट्टीत माईक बंद असतात. मी उघडला. मुद्दाम.’’

खुर्चीचा हात धरून बाप उठला.

‘‘तुमचा उघडायचा होता. आम्ही तसं करतो, कोणी फार बोलायला लागलं की. लोकांनी ऐकावं, हसावं, म्हणजे तो माणूस जरा...’’ माझी जीभ अडखळली. माझी! ‘‘पट्ट्या बदलायच्या राहिल्या. उघडला तो तुमच्या मुलीचा. बंद करायला गेले तर भलतंच बटण दाबत बसले.’’

लेकीने माझा हात सोडला. हळूच सोडला, पण सोडला. ‘‘मी तुम्हाला सांगितलं होतं,’’ ती म्हणाली. बस, एवढंच.

‘‘सांगितलं होतं,’’ मी म्हटलं.

आई खुर्चीतून माझ्याकडे बघत होती. पडद्याबद्दल विचारताना बघितलं होतं तशीच, मान किंचित तिरकी करून. ‘‘म्हणजे हे मगाशी त्या उंटावरून बोलले म्हणून?’’

‘‘हो.’’

‘‘एवढ्यासाठी?’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तोंड लपवायला जागा शोधली असती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी काय सांगणार होते? मला हॉलभर लोकांसमोर बिनकामाची म्हणाले, म्हणून? मोठ्याने म्हणून बघितलं तर तेही एवढंच उरत होतं.

‘‘ते असेच आहेत हो,’’ ती म्हणाली. ‘‘रोजचंच आहे. माणूस ऐकतो आणि सोडून देतो.’’ मग पदर आवरून उठायला लागली. ‘‘चला, घरी जाऊ. मला जरा पडावंसं वाटतंय.’’

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओरडा ना हो, मनात म्हणत होते. आता ओरडा. अख्ख्या शहराला ओरडलात, मला शिव्या घाला, वरच्या साहेबांना बोलवा, मला कामावरून काढायला लावा, आता तर तुमचा हक्क आहे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोची पर्स उचलली, बाटली उचलली, आणि तिच्या कोपराखाली हात घातला. तिघं दाराकडे गेली.

मी बोर्डाशी परत आले, आणि बघते तर दुसऱ्या बटणावरचा दिवा अजून हिरवाच. त्याचा माईक काढायचाच राहिला होता. मी हेडफोन कानाला लावले. का लावले ते सांगते. मला वाटलं, बाहेर गेल्यावर तरी तो माझ्या नावाने खडे फोडेल. मला ते ऐकायचं होतं.

आधी नुसतं कापड घासल्याचा आवाज. पावलं. मग त्याचा आवाज, इतका खालचा की मला हेडफोनचा आवाज वाढवावा लागला.

‘‘चरबीच असते.’’

‘‘काय म्हणालात?’’ आई.

‘‘उंटाच्या कुबडात. पोरगी बरोबर सांगत होती. मी ऐकलं नाही.’’

‘‘असू दे. पायरी आहे, बघून उतरा.’’

मग कोणीतरी नाक ओढलं. कोणी ते मला कळलं नाही, आणि मी पुन्हा त्यांचं ऐकतच बसले होते. मी बटण खाली केलं. दिवा विझला. त्या बटणावर अजून ‘लेक’ लिहिलेली पट्टी होती, ती मी नखाने खरवडून काढली. पहिलीही काढली. काठी मागून म्हणाला, एक माईक कमी भरतोय, पळत जाऊन आणू का, अजून फाटकापर्यंत पोचले नसतील.

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘जाऊ दे त्यांना.’’